शेहेचाळीस अंश

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. बावीस वर्षं झाली. पत्र तसं लहानच होतं, रेघांच्या कागदाची दीड बाजू, आणि आलं तेव्हा त्याने ते दाराशी उभ्याउभ्याच वाचलं होतं, एक चप्पल पायात आणि एक बाहेर. वाचून झाल्यावर घडी करून हाताशी होतं त्या पुस्तकात ठेवलं, पुस्तक कपाटात ठेवलं, आणि पुढे घर बदलताना सगळ्यांत आधी तेच पुस्तक उचलून मागच्या रांगेत सरकवलं. बायकोने तीनदा विचारलं होतं. अहो, त्या पत्राला उत्तर दिलंत का. तो तिन्ही वेळा म्हणाला, देतो. नंतर तिने विचारायचं सोडलं, आणि चार वर्षांनी ती गेली. तिच्यापुरतं ते 'देतो' तसंच लोंबकळत राहिलं. उत्तर न देण्याचीही सवय होते. पहिल्या महिन्यात लाज वाटते, पहिल्या वर्षात भीती, आणि मग ते दुखऱ्या दाढेसारखं होऊन बसतं. माणूस मुकाट्याने दुसऱ्या बाजूने चावायला शिकतो, आणि लोकांना वाटतं, याची खायची पद्धतच अशी आहे.

त्या सकाळी मात्र त्या दाढेखाली खडा आला. नात त्याच्याकडेच राहून शिकत होती आणि आता दोन वर्षांसाठी लांब जायची होती. चहाचा कप एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात धरून ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, मी किती लांब जाणार ते बघायचंय का तुम्हाला. तिने दोन विमानतळांची नावं टाकली. बोट उचलायच्या आत आकडे आले: अंतर इतके किलोमीटर, उड्डाणाचा वेळ अंदाजे इतके तास, इतकी मिनिटं. खाली निळ्या नकाशावर एक बारीक कमान उमटली. त्याने चष्मा वर केला, खाली केला. वेळ चुकीचा आहे, तो म्हणाला. वारा धरलेला नाही. जाताना वेगळा लागेल, येताना वेगळा. शिवाय चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंतचा वेळ धरायचा असतो, नुसता हवेतला नाही. नात हसली. तिला माहीत होतं की आजोबा एका विमान कंपनीत अशीच कसलीतरी गणितं करायचे. पण गणित म्हणजे यंत्राने, अशी तिची समजूत होती. हाताने म्हटल्यावर तिने कप खाली ठेवला.

"एका अंतराला किती वेळ लागायचा?"

"पाऊण तास. मला. काहींना वीस मिनिटं."

"आणि चुकलं तर?"

"दुसरा असायचा. तेच अंतर तो उलटीकडून काढायचा. एकाने इथून तिथे, दुसऱ्याने तिथून इथे."

"आणि दोघंही चुकले तर?"

"दोघं एकच चूक करत नाहीत," तो म्हणाला.

हे वाक्य त्याचं नव्हतं. ते त्यांच्या हेडक्लार्कचं होतं, नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवायचं. पण पंचेचाळीस वर्षांत ते त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं, आणि आता आपल्याच टेबलावर, जॅमच्या बाटलीशेजारी, ते पडलं होतं. नात पाव कुरतडत होती. तिला काही कळलं नव्हतं. त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणखी एक जोडी काढून देशील का. आणि दोन गावांची नावं सांगितली. ऑफिसात त्यांना नावं नव्हती, रजिस्टरातले नंबर होते, सात आणि एकतीस. आत्ता नावं उच्चारताना त्याला मेलेल्या नातेवाइकांची नावं घेतल्यासारखं वाटलं. पाच हजार तीनशे आठ, नात म्हणाली, मिनिटं सोडा, ती तुम्हाला पटायची नाहीत. वर्तमानपत्राच्या कडेवर आकडा लिहून देऊन ती पिशवी खांद्याला लावून गेलीसुद्धा. त्याने मनातल्या मनात भागाकार केला. सागरी मैलांत दोन हजार आठशे सहासष्ट. पृथ्वी पुरती गोल नाही, म्हणून दोन मैल इकडेतिकडे. त्यांच्या पद्धतीने दोन हजार आठशे अडुसष्ट यायला हवं होतं. त्या दिवशी आलं होतं सत्तावीसशे अठ्ठ्याण्णव. दोघांचंही.

ते ऑफिस म्हणजे एक लांबट खोली होती, उत्तरेकडे खिडक्या, कारण उन्हात कागदावरचे बारीक आकडे दिपतात असं कुणाचंतरी मत होतं. चार टेबलं, एकमेकांकडे पाठ करून लावलेली. ही पाठ करण्याची पद्धतच त्या खात्याचा कणा होती. एक जोडी दोघांना मिळायची. दोघांनी एकमेकांचा कागद बघायचा नाही. आपापलं उत्तर पाकिटात घालून हेडक्लार्कच्या ट्रेमध्ये टाकायचं. आकडे जुळले की अंतर पक्कं होऊन तक्त्यात जायचं, आणि त्या तक्त्यावरून वेळ, वेळेवरून इंधन. त्याच्या जोडीला होता सुसाट. हे नाव टायपिस्टबाईंनी ठेवलं होतं. सुसाट निम्मं गणित डोक्यात करायचा, कागदावर पाचसहा आकडे फेकायचा आणि पाकिटाला डिंक न लावताच ट्रेमध्ये टाकून चहाला जायचा. त्याला स्वतःला खोडरबर म्हणत. नाव सुसाटनेच ठेवलेलं. काय खोडरबर, आज पृथ्वी गोल आहे का, की पुन्हा तपासून बघायची, असं तो पाठीमागून म्हणायचा, आणि सगळी खोली हसायची, आणि त्याला स्वतःलाही, का कोण जाणे, बरं वाटायचं. त्याची चेष्टा करण्याइतकं त्याच्याकडे लक्ष देणारं आणखी कुणी नव्हतं.

त्या दिवशी त्याच्या टेबलाच्या खणात एक कादंबरी होती. वाचनालयात ती संध्याकाळपर्यंत परत करायची होती आणि चाळीस पानं उरली होती. एवढंच कारण. इतक्या वर्षांत त्याने या कारणाला किती वेळा दुसरे कपडे घालून पाहिले. त्या दिवसांत आईचं दुखणं होतं, असं एकदा स्वतःला सांगितलं. आई त्यानंतर दोन वर्षांनी आजारी पडली. डोळे दुखत होते, असंही सांगून झालं. पण खण अर्धा उघडा, मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल धरलेली, अशी ती दुपार होती आणि ती छान गेली होती. पुस्तक संपलं तेव्हा साडेचार वाजले होते. ट्रेमध्ये सुसाटचं पाकीट होतं, तोंड उघडं. हेडक्लार्क वरच्या मजल्यावर गेले होते. तो उठला, पाणी प्यायला जावं तसा गेला, आणि उभ्याउभ्या पाकिटातला कागद अर्धा वर काढून पाचसहा आकडे वाचून परत आला. त्याची स्मरणशक्ती चांगली होती. मग त्या आकड्यांभोवती त्याने आपल्या पद्धतीने पायऱ्या रचल्या, एकेक ओळ, सुबक अक्षरात, मध्ये एकदोन ठिकाणी मुद्दाम खोडून. पाकिटाला डिंक लावला आणि अंगठ्याने दाबून बंद केलं. त्या कादंबरीचा शेवट काय होता, हे आज त्याला जीव गेला तरी आठवलं नसतं.

अंतर सत्तर मैलांनी कमी धरलं गेलं, म्हणजे नऊ मिनिटांची चूक होती. एरवी कुणाला कळलीही नसती. पण एकतीस नंबरवर धुकं होतं, विमानाला घिरट्या घालाव्या लागल्या, आणि हिशेबात असलेलं पण टाकीत नसलेलं नऊ मिनिटांचं इंधन वैमानिकाला हवं झालं. त्याने विमान शेजारच्या एका लष्करी धावपट्टीवर उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. प्रवासी जेवायला चार तास उशिरा पोचले. पण वैमानिकाने अहवाल लिहिला, तक्ते तपासले गेले आणि दोन्ही कागद चौकशी समितीपुढे गेले. चूक सापडायला वेळ लागला नाही. रेखांशांतला फरक शेहेचाळीस अंश. साइन-कोसाइनच्या कोष्टकांच्या पुस्तकात पंचेचाळीस अंशांपर्यंत पान वरून खाली वाचायचं, वरचे मथळे धरून. पंचेचाळीसच्या पुढे गेलं की तेच पान खालून वर वाचायचं, तळाचे मथळे धरून. कोन तळाचा घेतला आणि मथळा वरचा, तर शेजारच्या रकान्यातला आकडा हाती येतो. पन्नास-साठ अंशांना असं केलं तर उत्तर इतकं बिनसतं की शाळकरी पोरालाही कळावं; पण शेहेचाळीस अंशांना दोन्ही रकाने सख्ख्या भावांसारखे दिसतात. चूक साधी होती. प्रश्न असा होता की ती दोघांच्या कागदांवर तंतोतंत कशी आली. एकाने दुसऱ्याचं पाहिलं होतं, यावर समितीत दुमत नव्हतं. एका कागदावर सगळ्या पायऱ्या होत्या. दुसऱ्यावर नुसते पाचसहा आकडे. नुसते आकडे कोण लिहितो? ज्याने गणित केलेलं नाही तो.

समितीच्या अध्यक्षांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही हे उत्तर स्वतंत्रपणे काढलंत ना? खोलीत पंखा फिरत होता आणि त्याचं एक पातं दर फेरीला कशाला तरी घासत होतं. तो म्हणाला, "आमच्याकडे तशीच पद्धत आहे, साहेब." हे खोटं नव्हतं. पद्धत तशीच होती. लेखनिकाने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. 'होय' असंच लिहिलं असणार. बाहेर बाकावर सुसाट बसला होता. त्याने डोळ्यांनी विचारलं, काय, आणि यानेही डोळ्यांनीच काहीतरी उत्तर दिलं, काय ते त्याला आजही सांगता आलं नसतं. महिन्याभरात सुसाटची बदली सामानाच्या खात्यात झाली. पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगा मोजायच्या. त्याच्या नोकरीच्या कागदांत एक शेरा पडला: दुसऱ्याच्या कामाची नक्कल. त्याने आरडाओरडा केला नाही. पेन्सिली गोळा केल्या, टायपिस्टबाईंना म्हणाला, चला, आता पृथ्वी खोडरबरच्या हवाली, आणि गेला. सगळे हसले होते. तोही हसला होता.

पुस्तक मागच्या रांगेतून काढायला त्याला खुर्चीवर चढावं लागलं. गुडघे बोलले. पत्र होतं तिथेच होतं, घडीवर पिवळं पडलेलं. सुसाटचं अक्षर निवृत्तीच्या वयातही घाईचंच होतं. त्याने लिहिलं होतं की परवा मी निवृत्त झालो, निरोप समारंभात साहेबांनी माझं नावही चुकीचं घेतलं, ते असो. तुला दोष द्यायला लिहीत नाही. चूक माझी झाली असणार, मी धांदरट होतोच. पण मी तुझा कागद पाहिला नव्हता असं मला वाटत होतं. वाटत होतं असं लिहितो, कारण अलीकडे मला खात्री राहिलेली नाही. इतकी वर्षं सगळे म्हणतात तर कदाचित पाहिलाही असेन. रात्री ट्रेमध्ये हात घालताना मी मला दिसतो, आणि तो हात माझाच आहे की मी तो कल्पनेने केलाय ते कळत नाही. माझ्या मुलीने शाळेत असताना एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्ही कॉपी केली होती का, आणि मी नाही म्हणालो होतो. ते खरं होतं का, एवढंच मला कळायला हवं. तुझी स्मरणशक्ती चांगली. एक ओळ लिही. कुणाला दाखवणार नाही.

त्याने पत्र टेबलावर ठेवलं. गंमत अशी होती, आणि तिला गंमत म्हणायची त्याला शरम वाटली, की त्याचंही तसंच झालं होतं. तो जन्माचा संशयी. दाराला कुलूप लावून पायऱ्या उतरला की परत चढून कडी ओढून बघणारा. पत्र आलं त्यानंतर त्याने स्वतःला विचारायला सुरुवात केली, की आपण खरंच पाहिलं होतं का. की गणित केलं होतं, आणि तीच चूक योगायोगाने झाली होती? पायऱ्या तर कागदावर होत्या. पाकिटातून कागद वर काढल्याचं आठवतं ते खरं, की पुस्तकांतली माणसं वाचून वाचून आपण स्वतःलाही तसं काहीतरी बहाल केलं? बावीस वर्षं त्याने हा संशय पाळला, त्याला खाऊपिऊ घातलं. खात्री नसताना उत्तर कसं द्यायचं? चुकीचं उत्तर देण्यापेक्षा थांबलेलं बरं. प्रामाणिक माणूस असाच वागेल. एका खोलीत बसून दुसऱ्या गावातल्या माणसाच्या संशयाशी त्याने असा आपला संशय बांधून ठेवला होता, जणू दोघं अजून पाठीला पाठ लावून एकाच प्रश्नावर बसले आहेत.

कोष्टकांचं पुस्तकही त्याने जपलं होतं. कापडी पुठ्ठा, कोपरे गेलेले. त्याने ते उघडलं ते नातीच्या आकड्याची खातरजमा करायला, दुसरा काही हेतू नव्हता. पाठकोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं. सात नंबरचे अक्षांश-रेखांश त्याला पाठ होते, एकतीसचेही. वजाबाकी केली. शेहेचाळीस अंश. आणि पुस्तकाचं पान उलटायच्या आधी त्याच्या हाताने, त्याला न विचारता, कागदाच्या डाव्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं: नव्वद वजा शेहेचाळीस, चव्वेचाळीस.

तो थांबला. पेन्सिल कागदावरच होती. पान खालून वर वाचायची त्याला भीती वाटायची, शाळेपासून. मास्तरांनी दहादा सांगूनही वाटायची. म्हणून कोन पंचेचाळीसच्या वर गेला की तो आधी नव्वदातून वजा करून घ्यायचा, साइनच्या जागी कोसाइन असा मथळा बदलून, आणि मग निमूटपणे वरून खालीच वाचायचा. एक पायरी वाढायची; म्हणून तर पाऊण तास. नोकरीभरातल्या हजारो कागदांच्या डाव्या कडेला ती वजाबाकी असणार. आणि समितीपुढे टेबलावर पसरलेला तो कागद त्याला आता स्वच्छ दिसला, त्यावरची सुबक ओळ न् ओळ, मुद्दाम केलेली खाडाखोड, आणि डावी कड कोरी. ही चूक त्याला करताच आली नसती. पानाच्या तळाकडे तो आयुष्यात कधी गेलाच नव्हता, तर वरचा आणि खालचा मथळा गोंधळणार कुठून? त्याच्या भित्रेपणानेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती, आणि तिच्यात कुठे फट नव्हती. खिडकीतून समोरच्या इमारतीवर कुणीतरी गाद्या झटकत होतं. तो आवाज बराच वेळ येत राहिला. संशय गेल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. त्याला आधाराची काठी कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं.

टायपिस्टबाईंकडे सगळ्यांचे पत्ते असत. फोनवर त्यांनी त्याला आवाजावरून ओळखलं आणि आधी तो जिवंत असल्याबद्दल आश्चर्य दाखवलं, मग आपल्या गुडघ्यांची माहिती दिली. सुसाट? तो आहे की. लेकीकडे असतो. डोळे गेलेत बिचाऱ्याचे, पण जीभ आहे शाबूत. आलेलं पत्र, पेपर, सगळं लेक वाचून दाखवते.  मग त्यांनी फोन नंबर देऊ का म्हणून विचारलं. तो म्हणाला, नको, पत्ताच द्या. फोनवर बोलायला लागलो की आपण 'आमच्याकडे तशीच पद्धत होती' असं काहीतरी म्हणून मोकळे होऊ, हे त्याला ठाऊक होतं.

"तुमचं दोघांचं तेव्हा भांडण झालं होतं ना हो?" बाई म्हणाल्या.

"भांडलो नाही आम्ही."

"तेच म्हणते मी. भांडायला हवं होतंत."

लेक वाचून दाखवते. हे त्याने धरलं नव्हतं. सुसाटला कळावं, इथपर्यंत त्याने मनाची तयारी केली होती. पण तिसऱ्याच माणसाच्या तोंडून, एका बाईच्या आवाजात, ती वाक्यं सुसाटच्या कानावर पडणार होती. आणि ती बाई म्हणजे तीच शाळकरी मुलगी. आता पन्नाशीपुढची असेल. त्याने लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर तो नशिबाबद्दल लिहीत गेला, दुसऱ्यावर आपल्या स्वभावाबद्दल. वाचून पाहिलं तर दोन्हींत तो स्वतः फार बिचारा दिसत होता. तिसऱ्या कागदावर त्याने कादंबरीची गोष्ट लिहिली आणि ती वाचताना बरी वाटली, म्हणून फाडली. मग त्याने प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणून पाहायला सुरुवात केली, रिकाम्या घरात, जसं ते त्या घरात म्हटलं जाईल तसं. जे म्हणताना जीभ अडखळली ते ठेवलं. दुपारचं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं तेव्हा कागदावर एवढंच उरलं होतं:

"तू माझा कागद पाहिला नव्हतास. मी तुझा पाहिला. पाकीट उघडं होतं आणि खोलीत कुणी नव्हतं. मला पुस्तक वाचायचं होतं म्हणून मी गणित केलंच नाही. पुरावा हवा असेल तर आठव, मी कोष्टक कधी खालून वाचत नसे. त्या कागदावर माझी वजाबाकी नाही. तू मुलीला जे सांगितलंस ते खरं होतं. हे तिने वाचावं म्हणूनच लिहितो आहे. चौकशीत मी जे बोललो त्यालाही खोटंच म्हणायचं असतं. बावीस वर्षं उशीर केला, त्याला कारण नाही."

खाली काय लिहावं, 'आपला' म्हणून की आणखी काही, हे त्याला ठरवता येईना, तेव्हा त्याने नुसतीच सही केली.

पोस्टात रांग होती. पाकीट हातात धरून उभं असताना त्याच्या मनात निदान चार वेळा येऊन गेलं की सुसाट आता विसरलाही असेल; सुखात असेल; म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला उकरून त्रास. फार सभ्य विचार होता. त्याने त्याला येऊ दिलं आणि तो एक पाऊल पुढे सरकला. खिडकीमागच्या मुलीने पाकीट तोललं, तिकीट लावलं आणि उलटं करून पाहिलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, ती म्हणाली. त्याला वाटलं आपण विसरलो. मग वाटलं, खरंच विसरलो की मुद्दामच टाळलं, कुणास ठाऊक.

"नसलं तर चालत नाही का?"

"चालतं. पण नाही पोचलं तर परत कुणाकडे पाठवायचं?"

तिने आपलं पेन पुढे केलं. मागे रांगेत कुणीतरी खोकलं. काउंटर उंच होता, तरी त्याने पाकिटाच्या पाठीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ऑफिसात ज्या नावाने कधी कुणी हाक मारली नव्हती ते. आता ती लेक पाकीट फोडायच्या आधी हेच वाचेल, आणि खुर्चीतला आंधळा माणूस मान वळवेल. पुढचं त्याला दिसेना. खिडकीमागच्या मुलीने शिक्का मारला आणि पाकीट न बघता मागच्या टोपलीत टाकलं, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, पुढचे या.